बाळ येऊ घातलंय आणि गृहकर्जही काढायचंय: रजेचं बँकेला सांगावं का?

सायली_वाकड

नमस्कार मंडळी. मला सहावा महिना चालू आहे. नवरा आणि मी दोघंही हिंजवडीला नोकरीला, वेगवेगळ्या कंपन्यांत. वाकडला भाड्याने राहतो. घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलंय, त्यांना जागा हवी आहे, त्यामुळे करार संपला की सोडावी लागणार. तान्हं बाळ घेऊन पुन्हा भाड्याची घरं बघत फिरायचं जिवावर येतं. म्हणून स्वतःचंच घ्यावं असं दोघांच्या मनात आहे. रावेतला एक टू बीएचके पसंत पडलाय, पुनर्विक्रीचा. मालक ७२ लाखांच्या खाली यायला तयार नाहीत.

माझा पगार हातात ६२ हजार, त्याचा ७८ हजार. गाडीचा हप्ता ९ हजार, त्यातले साधारण अडीच लाख अजून फिटायचेत. बचत सगळी मिळून २७ लाख, पण ती सगळी घरात घालायची नाही. म्हणजे ५७-५८ लाखांचं कर्ज लागेल.

एजंट म्हणतो, "मॅडम, पोट फार दिसायच्या आत सह्या उरकून घ्या, बँकेत कुणाला काही बोलू नका." एका बँकेतून फोन आला होता, तो मुलगा बोलता बोलता विचारतो, "मॅडम, लग्न होऊन किती वर्षं झाली? पुढे नोकरी चालूच ठेवणार ना?" मला ते फार लागलं. बाबा म्हणतात, जे आहे ते सांगून मोकळी हो. सासूबाईंचं म्हणणं, पोटुशी असताना नव्या वास्तूचं काही करू नये.

गरोदर आहे म्हणून बँक कर्ज नाकारू शकते का? रजेतला माझा पगार धरतात का? आणि बाळंतपणाला मी सांगलीला माहेरी जाणार आहे, तेव्हा सह्या-नोंदणीचं काय करायचं?

मंदार७

एजंटचं बरोबर आहे. तुमचं बाळंतपण हा तुमचा घरचा विषय आहे, बँकेचा नाही. फॉर्ममध्ये तसा रकानाच नसतो. विचारलं नाही ते सांगायचं नाही, अर्ज द्या आणि मंजुरीपत्र हातात घ्या.

कर्जविभाग_निवृत्त

सायली, मी गृहकर्ज विभागातच नोकरी संपवली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गरोदरपण आणि रजा या दोन गोष्टी वेगळ्या धरा. गरोदर आहात हे सांगायची तुमच्यावर सक्ती नाही, बँकेला विचारायचं कारण नाही. कर्ज देताना लिंग, जात, धर्म यावरून भेद करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेच्या उचित व्यवहार संहितेत २००३ पासून आहे. अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी कळवावं लागतं. फोनवर "वरून नको म्हणाले" एवढ्यावर सोडू नका, कागद मागा. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, विनाशुल्क जाता येतं.

पण रजा ही नोकरीची स्थिती आहे, ती लपवू नका. अर्जाच्या शेवटी "वरील माहिती खरी व पूर्ण आहे" याखाली तुमची सही असते. तुम्ही रजेवर असताना "रोज कामावर जाते" असं सांगितलंत आणि पडताळणीत वेगळं निघालं, तर फाइल तिथेच अडते, आणि मग कायद्याने तुमची बाजू कितीही भक्कम असली तरी भांडायला जागा उरत नाही.

तुमची बाजू मुळात भक्कमच आहे. मातृत्व लाभ कायदा मूळ १९६१ चा, नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, तरतुदी त्याच राहिल्या. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा झाली, त्यातली जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाच्या तारखेआधी घेता येते. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला हे लागू होतं. अट एवढीच की, अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असावं. या रजेत कामावरून काढणं बेकायदा आहे. म्हणजे बँकेच्या नजरेतून बघितलं तर तुमचा पगार थांबलेलाच नाही. नीट कागद असेल तर कोणताही शहाणा अधिकारी तो पूर्ण धरतो.

आता हिशेब. बहुतेक बँका सगळे हप्ते मिळून हातातल्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास जाऊ देतात. दोघांचे १ लाख ४० हजार, निम्मे ७० हजार, गाडीचे ९ वजा, उरले ६१ हजार. साडेआठ टक्के दर आणि २० वर्षं मुदत धरली तर लाखाला ८६८ रुपये हप्ता पडतो, म्हणजे साधारण ७० लाखांपर्यंत पात्रता. तुमचे ५७.६ लाख त्यात आरामात बसतात, हप्ता ५० हजार. मात्र नवऱ्याच्या एकट्याच्या पगारावर ३० हजारांचाच हप्ता बसतो, म्हणजे साडेचौतीस लाख. मंजुरी मिळेल की नाही याची मला चिंता नाही. पण बँक देते तेवढं घ्यायचं का, याचा विचार या दोन आकड्यांमधल्या फरकावर करा.

गाडीचं कर्ज आधी फेडा. अडीच लाख भरून ९ हजारांचा हप्ता सुटला की पात्रता सव्वादहा लाखांनी वाढते.

प्राजक्ता_चिंचवड

काकांनी पडताळणीचं म्हटलंय ते अगदी खरं. आमच्या वेळी अर्ज रजेच्या आधी केला होता, पण बँकेचा माणूस ऑफिसात आला तोवर माझी रजा सुरू झाली होती. रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं, "मॅडम येत नाहीत सध्या." अहवालात लिहून गेलं, अर्जदार कार्यालयात आढळल्या नाहीत. त्यावर फाइल परत. आम्हाला कळलंच नाही, आम्ही आपले मंजुरीची वाट बघत बसलो. विसार दिलेला, विकणारे तगादा लावतायत आणि माझं बाळ तीन आठवड्यांचं.

सायली, रजेवर जायच्या आधी एचआरकडून कंपनीच्या लेटरहेडवर पत्र घे. त्यात हे यायला हवं: कायम नोकरी, रुजू झाल्याची तारीख, सध्याचा पगार, प्रसूती रजा कधीपासून कधीपर्यंत, रजा भरपगारी आहे, आणि परत कोणत्या तारखेला त्याच पदावर हजर होणार. खाली सही करणाऱ्याचा फोन नंबर आणि ऑफिसचा ईमेल. नुसतं "ती आमच्याकडे काम करते" एवढंच लिहून देतात, ते चालत नाही. ऑफिसात मॅनेजर आणि रिसेप्शन दोघांनाही सांगून ठेव की, बँकेचा माणूस आला तर काय सांगायचं.

तीन महिन्यांच्या पगारपत्रकांत बिनपगारी रजा दिसता कामा नये. गरोदरपणात उलट्या, चक्कर यांनी सुट्ट्या संपतात आणि नंतर एकेक दिवस कापला जातो. बँकेला त्यातलं काही माहीत नसतं, तिला फक्त पगार कमी झालेला दिसतो. अशा कापाकापीचं कारणही पत्रात एका ओळीत लिहून घे.

नाशिकचा_अमोल

ताई, मंजुरीबद्दल वर सगळं आलंय. मी पुढचं सांगतो, कारण आम्ही त्यातून गेलोय.

आमची मुलगी ३२ व्या आठवड्यात झाली, पावणेदोन किलोची. महिनाभर एनआयसीयूत होती. काचेच्या पेटीत हात घालून तिच्या तळपायाला बोट लावायचं, एवढंच आम्हाला करता यायचं. कंपनीच्या विम्यात बाळंतपणाला ५० हजारांची मर्यादा होती, बाळाचं बिल त्याच्या कितीतरी पुढे गेलं. घरी आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, पाळणाघर वर्षभर नको. बायकोची २६ आठवड्यांची रजा संपली, त्यापुढची बिनपगारी. ती परत रुजू झाली तेव्हा मुलीचा पहिला वाढदिवस होऊन गेला होता.

त्या सगळ्या काळात हप्ता एकदाही चुकला नाही, कारण माझ्या सासऱ्यांनी कर्ज काढतानाच हट्ट धरला होता की, हप्ता एकाच पगारातून जाईल एवढंच घर घ्या. तेव्हा त्यांचा राग आला होता, दुसऱ्या मजल्यावरची मोठी बाल्कनी सोडावी लागली म्हणून. आज रोज त्यांचे आभार मानतो.

तुमचं बाळ ठणठणीत होणार आहे, मनापासून शुभेच्छा. पण ५० हजारांचा हप्ता ७८ हजारांतून गेला तर उरतात २८. त्यात तिघांचं घर, सोसायटीचा मेंटेनन्स, लसी, डॉक्टर. दादांबरोबर बसून हा हिशेब एकदा कागदावर मांडा.

मंदार७

अमोल, वाचून खरंच गलबलून आलं. मुलगी आता छान असेलच.

पण सायलीने हेही लक्षात घ्यावं की थांबलं तर भाव थांबत नाहीत. आणि एकदा रजा संपून ती बिनपगारी सुटीवर गेली तर पुढची कितीतरी पगारपत्रकं अर्जाला निरुपयोगी. अर्ज करायचाच असेल तर तो आत्ता, रजेआधी, एवढं माझं म्हणणं कायम आहे. न सांगण्याबद्दल काकांचं पटलं.

रेडिंगहून_मधुरा

आमच्याकडे इंग्लंडमध्ये जरा वेगळं आहे. पुढे उत्पन्नात किंवा खर्चात काही बदल अपेक्षित आहे का, असं कर्ज देणारे सरळ विचारतात, आणि त्याला खरं उत्तर द्यावं लागतं. गरोदर आहे म्हणून नाकारणं इथे समानता कायद्याच्या विरोधात आहे. पण इथली सरकारी दराची प्रसूती भरपाई ३९ आठवडेच मिळते, त्यातही पहिल्या ६ आठवड्यांनंतर रक्कम बरीच खाली येते. त्यामुळे परत कामावर जाण्याची तारीख आणि तेव्हाचा पगार लिहिलेलं मालकाचं पत्र हाच सगळ्यात मोठा कागद. पाळणाघराचा खर्च मात्र ते हिशेबात धरून कर्जाची रक्कम कमी करतात. तेव्हा मला ते अन्यायाचं वाटलं होतं. लेक नर्सरीत जायला लागली आणि पहिलं बिल आलं, मग कळलं की तो आकडा आम्हीच आधी धरायला हवा होता. तिकडची बँक पाळणाघराचं विचारणार नाही, म्हणून तुम्ही स्वतःच धरा.

रेश्मा_चाकण

मी कंपनीत लाइनवर आहे, पगार १९,५००, ईएसआयसी (कामगार राज्य विमा) कापली जाते. मलाही पाचवा लागलाय. मिस्टरांचा टेम्पो आहे, त्यांचे रिटर्न भरलेले आहेत. आम्ही १८ लाखांचा वन आरके बघतोय. माझ्या रजेत कंपनी पगार देणार नाही म्हणते, मग भरपगारी रजेचं पत्र कुठून आणू?

कर्जविभाग_निवृत्त

रेश्मा, बरं झालं विचारलंस. पगार २१ हजारांपर्यंत असला की प्रसूती लाभ कंपनी देत नाही, ईएसआयसी देते, तोही २६ आठवड्यांचाच आणि सरासरी रोजंदारीच्या पूर्ण दराने. अट अशी की, आधीच्या दोन अंशदान कालावधींत (वर्गणीच्या सहा-सहा महिन्यांच्या मुदतींत) मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी. पैसे थेट तुझ्या खात्यात येतात. पण कंपनीच्या पगारपत्रकात त्या महिन्यांत शून्य दिसतं, आणि नवखा अधिकारी ते बघून "नोकरी सुटली" असं समजतो. म्हणून कंपनीकडून एवढंच लिहून घे की रेश्मा कायम कामगार आहे, अमुक तारखेपासून प्रसूती रजेवर आहे, रजेतला लाभ ईएसआयसीकडून मिळतो, अमुक तारखेला हजर होईल. त्याला ईएसआयसीचे पैसे जमा झालेलं पासबुकाचं पान जोड.

तू कंत्राटदाराकडून असशील तर कंत्राट रजेच्या मधेच संपत नाही ना, ते आत्ताच बघ. तसं असेल तर अर्ज मिस्टरांच्या रिटर्नवर उभा करणं बरं. तुझ्या पगाराने जी रक्कम वाढते ती पुढे हप्त्याच्या रूपाने गळ्यात येते.

वकीलबाई_पुणे

नोंदणीबद्दल मी लिहिते, कारण आठव्या-नवव्या महिन्यातल्या बायका दुय्यम निबंधक कार्यालयात प्लास्टिकच्या खुर्चीवर तासन् तास बसलेल्या मी बघते आणि जीव तुटतो. सर्व्हर बंद पडतो, टोकन पुढे सरकत नाही, अंगठा मशीनवर उमटत नाही. पाय सुजलेल्या बाईने हे का सोसायचं?

करारनाम्यावर सह्या झाल्या की नोंदणीसाठी कायद्याने चार महिने मिळतात. त्यामुळे सही एका दिवशी आणि नोंदणी सोयीच्या दिवशी, असं करता येतं. फक्त बँक नोंदणी झालेला करारनामा हातात आल्याशिवाय पैसे सोडत नाही, आणि विकणारे थांबायला तयार हवेत. प्रकृतीचं कारण असेल तर निबंधकांना घरी येऊन नोंदणी करायची विनंती करता येते, नोंदणी कायद्याच्या कलम ३१ मध्ये तशी सोय आहे. डॉक्टरांचा दाखला आणि जादा शुल्क लागतं. तिसरा मार्ग कुलमुखत्यारपत्राचा. ते नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या नावे आत्ताच करून ठेवा. बँकेला ते चालेल का हे आधी विचारा, कारण कर्जाच्या कागदांवर बहुतेक बँका अर्जदाराची स्वतःची सही मागतात. माझं ऐकशील तर डोहाळजेवणाच्या आधी नोंदणी उरकायची आणि मगच सांगलीची गाडी पकडायची.

आणखी एक, ज्यात खरे पैसे वाचतात. पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मुद्रांक शुल्क सगळं मिळून ७ टक्के. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत, म्हणजे ६. नवऱ्याचं नाव सोबत घातलं की सवलत जाते. नोंदणी फी वेगळी, १ टक्का पण ३० हजारांच्या वर नाही. ७२ लाखांवर ही सवलत ७२ हजारांची होते. पूर्वी अशा घराची १५ वर्षं पुरुषाला विक्री करता येत नसे, ती अट २०२३ मध्ये काढली. घर एकट्या तुझ्या नावावर असलं तरी नवरा सहकर्जदार राहू शकतो.

मंदार७

त्यात एक खोच आहे. नवरा फक्त सहकर्जदार असेल, मालकीत नसेल, तर जुन्या करप्रणालीतली व्याजाची २ लाखांपर्यंतची वजावट त्याला मिळत नाही. तो नव्या प्रणालीत असेल तर राहत्या घराच्या व्याजाची वजावट तशीही नाहीच, मग बिनधास्त एकट्या सायलीच्या नावावर घ्या. आणि किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असल्याने विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी तुमची आहे. बाळंतपणाच्या धांदलीत ते राहून गेलं तर दंड बसतो.

सायली_वाकड

सगळ्यांचे मनापासून आभार. अमोलदादा, तुमचा प्रतिसाद आम्ही दोघांनी मिळून वाचला आणि नंतर बराच वेळ काहीच बोललो नाही.

७२ लाखांचं घर सोडलं. त्याच भागात जरा जुन्या सोसायटीत दुसरं मिळालं, ६३ लाखांना. कार्पेट थोडा कमी आहे, लिफ्ट आहे, पाळणाघर गेटाशेजारी. गाडीचं कर्ज फेडून टाकलं. कर्ज ४८ लाखांचं काढतोय, हप्ता ४१,६५० च्या आसपास येईल. वरचे १५ लाख, मुद्रांक शुल्क ६ टक्क्यांनी ३ लाख ७८ हजार, नोंदणीचे ३० हजार आणि गाडीचे अडीच धरून हातात साडेपाच लाखांच्या आसपास राहतात. त्याला बाळंतपण आणि सहा हप्ते याशिवाय हात लावायचा नाही, असं ठरलंय.

त्या फोनवाल्या मुलाच्या बँकेत गेलोच नाही. दुसऱ्या बँकेत एचआरचं पत्र पहिल्याच दिवशी फाइलमध्ये लावलं. अधिकारी बाईंनी ते वाचलं, रुजू व्हायच्या तारखेखाली पेन्सिलने रेघ मारली आणि म्हणाल्या, "हे असलं की मला वर उत्तर द्यायला सोपं जातं." माझा पगार पूर्ण धरला. घर माझ्या एकटीच्या नावावर.

सासूबाईंशीही बोलले. त्यांचा आक्षेप गृहप्रवेशाला होता, कागदपत्रांना नव्हता. वास्तुशांत बाळ तीन-चार महिन्यांचं झाल्यावर करू म्हणाल्या. घरमालकांनी तेवढी मुदत द्यायचं कबूल केलंय.

एक शेवटचं: बँक कर्जासोबत विमा घ्यायला सांगतेय, एकरकमी हप्ता कर्जातच घालतो म्हणतात. घ्यावा का?

कर्जविभाग_निवृत्त

फार छान केलंत, समाधान वाटलं.

विम्याची सक्ती नाही. त्यांनी "नियमच आहे" म्हटलं तर तो नियम लेखी मागा. एकरकमी हप्ता कर्जात घातला की २० वर्षं त्यावरही व्याज जातं. त्यापेक्षा दोघांनी स्वतंत्र टर्म विमा घ्यावा. पण तुमचा अर्ज आत्ता दिलात तर शेवटच्या तिमाहीत बऱ्याच कंपन्या बाळंतपणानंतर या म्हणतात, म्हणून नवऱ्याचा लगेच काढा, तुमचा बाळ झाल्यावर.

सही करण्याआधी मुख्य तथ्य विवरण मागून घ्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांना ते द्यावंच लागतं. प्रक्रिया शुल्क, विमा, कायदेशीर तपासणी, सगळे आकडे एका कागदावर येतात. दर बदलता असला तर मुदतीआधी पैसे भरायला दंड नाही. त्यामुळे बारशाला जे काही येईल ते मुद्दलात टाका.

घराचे कागद बँकेकडे गहाण ठेवले की त्या तारखेपासून ३० दिवसांत नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे गहाणाची निबंधक कार्यालयाला द्यायची सूचना, भरावी लागते. ते काम नवऱ्याकडे सोपवा, तुम्ही सांगलीला जा.

रेश्मा_चाकण

काका, कंपनीने पत्र दिलं. पण त्यात हजर व्हायची तारीख लिहीत नाहीत, म्हणतात बाळंतपण झाल्याशिवाय कशी लिहायची. काय सांगू त्यांना?

प्राजक्ता_चिंचवड

रेश्मा, माझ्या एचआरनेही हेच म्हटलं होतं. डॉक्टरांनी दिलेल्या अपेक्षित तारखेचा कागद घेऊन जा, आणि "अपेक्षित रुजू दिनांक" असं लिहायला सांग. २६ आठवडे रजा सुरू झाल्यापासून मोजून ती तारीख काढतात. एवढं लिहून द्यायला कुणाची हरकत नसते. पुन्हा नाही म्हणाले तर मला निरोप टाक, माझ्या पत्राचा मसुदा नाव-गाव काढून पाठवते.